सरोवराच्या तळाखालून पाणी आणणारे चेस्ब्रो

विद्यार्थ्यांनीं नकाशांत मिशिगन सरोवर शोधून पाहावें. त्याच्या नैर्ऋत्य कांठीं शिकागो शहर आहे. या शहरास स्वच्छ पाणी पाजण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, ते एलिस सिल्व्हेस्टर चेस्ब्रो १८१३ सालीं बाल्टिमोर येथें जन्मले. वडिलांचा व्यापार बुडाल्यामुळें त्यांची शाळा लवकर सुटली, आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते लोहमार्गाच्या मोजणीवर कामास लागले. स्थापत्यशास्त्र त्यांनीं कामावरच मिळविलें. पुढें बोस्टनच्या पाणीपुरवठ्यांत त्यांचें नांव झालें, व १८५५ सालीं शिकागोनें त्यांस बोलाविलें.

आदल्याच वर्षीं तेथें पटकीनें चौदाशेंहून अधिक माणसें दगावलीं होतीं. शहर सपाट व दलदलीचें. सांडपाण्यास उतार कसा तो नव्हता. चेस्ब्रो यांनीं गटारें जमिनीच्या वरच बांधून त्यांवर भराव घातला. रस्ते उंच झाले, आणि घरें मळसूत्रांनीं उचलून त्यांच्या बरोबरीस आणण्यांत आलीं! परंतु ही सारी घाण नदींत जाई, नदी सरोवरास मिळे, आणि त्याच सरोवराच्या कांठचें पाणी लोक पीत. आपण बांधलेल्या गटारांनींच शहराचें पाणी नासलें, हें त्यांस किती जड गेलें असेल!

तेव्हां कांठापासून दोन मैल आंतून, तळाखालून बोगदा आणण्याचें ठरलें. १८६४ च्या मार्चमध्यें कांठावरील विहिरीस आरंभ झाला. पुढील वर्षीं चाळीस फूट उंचीचा पंचकोनी लांकडी सांगाडा पाण्यावरून ओढीत नेऊन, दगड भरून ठरल्या जागीं बुडविला, व त्याच्या पोटांतून दुसरी विहीर उतरविली. मग दोहों टोकांकडून मजूर चिकणमाती खणीत निघाले. बोगद्याचा व्यास अवघा पांच फूट; खणलें कीं लगेच विटांनीं बांधून घ्यावयाचें. खणलेली माती रुळांवरील गाड्यांतून बाहेर येई, आणि डोक्यावर सबंध सरोवर! १८६६ च्या नोव्हेंबरअखेर दोन्ही टोळ्या समोरासमोर आल्या, तों दोन्ही वाटांत कांहीं इंचांचाच फरक निघाला. हिशेबाचा कंटाळा करणाऱ्या मुलांनीं ही गोष्ट पुन्हां वाचावी. १८६७ च्या मार्चमध्यें नवें पाणी शहरांत आलें.

तरीही मोठ्या पावसांत घाण दूरवर जाई. म्हणून त्यांनीं कालवा खोल करवून १८७१ सालीं नदीचा ओघ सरोवरापासून उलट फिरविण्याचा यत्न केला. तो पुरता साधला नाहीं. १८७९ सालीं ते निवृत्त झाले व १८८६ सालीं वारले. त्यानंतर चौदा वर्षांनीं, १९०० सालीं, नवा मोठा कालवा खुला झाला आणि नदीचा प्रवाह उलट फिरला.