लुई ब्रेल आणि अंगणवाडीच्या दारातले मूल

४ जानेवारी हा लुई ब्रेल यांचा जन्मदिन. २०१९ पासून हा दिवस जगभर ब्रेल दिन म्हणून पाळला जातो. अंधांना सहा टिंबांची लिपी देणारा महामानव म्हणून त्यांना हार घातले जातात. परंतु त्या टिंबांच्या आधी काय घडले, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात १८०९ साली लुईचा जन्म झाला. बाप घोड्यांचे खोगीर व लगाम शिवणारा, चामड्यावर पोट असलेला कारागीर. तीन वर्षांचा लुई त्याच्या हत्याराशी खेळत असता टोक डोळ्यात घुसले. जखम चिघळून दुसऱ्या डोळ्यात गेली आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. अशा पोराच्या वाट्याला त्या काळी बहुधा भीकच येई. आईबापांनी ते मान्य केले नाही. बापाने काठी करून दिली, फळीत खिळे ठोकून अक्षरे बनवली; पोराने ती बोटांनी ओळखली. गावच्या धर्मगुरूने व शिक्षकाने त्याला डोळस मुलांच्या शाळेत बसवले. आपल्याकडे त्याच काळात चामड्याचे काम करणाऱ्याच्या पोराला, डोळे धड असूनही, शाळेचे दार बंद होते, हे विसरता येत नाही.

१८१९ साली लुई पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तिथली पुस्तके उठावदार रोमन अक्षरांची, अवजड. डोळसांनी आपल्या सोयीने घडवलेली. ती कशीबशी वाचता येत, त्या अक्षरांत लिहिणे मात्र जवळपास अशक्य. शार्ल बार्बिये या लष्करी अधिकाऱ्याची बारा टिंबांची पद्धत शाळेत आली, पण ती एका बोटाखाली मावत नव्हती. पंधरा वर्षांच्या लुईने १८२४ पर्यंत ती सहा टिंबांवर आणली आणि १८२९ साली प्रसिद्ध केली. तो त्याच शाळेत शिक्षक झाला. तरीही आपल्याला वाचता न येणारी लिपी डोळस व्यवस्थापनाला रुचली नाही. १८४० नंतर काही काळ तिच्यावर बंदी आली. १८५२ साली क्षयाने लुई गेले; फ्रान्सने लिपी स्वीकारली ती १८५४ साली. १९५१ साली भारती ब्रेल ठरली. आज मराठी ‘क’ची दोन टिंबे ही लुईच्याच ‘के’ची टिंबे आहेत.

आता जालना जिल्ह्याकडे पाहू. अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सोबत तीन-चार वर्षांची लेकरेही जातात. त्यातले एखादे अंध किंवा बहिरे असेल, तर त्याच्या हाती काठी, कानाला यंत्र कोण देणार? २०१६ चा कायदा अपंग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतो, तो वयाच्या सहाव्या वर्षापासून. लुईची फळी तर त्याआधीची! अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याचा कार्यक्रम २०१३ पासून आहे. अंगणवाडीतील दिव्यांग मुलांसाठी केंद्राची कार्यपद्धतीही २०२३ साली आली. म्हणजे कागद तयार आहे. पथक गावात येते तेव्हा लेकरू फडावर असेल, तर तो कागद कोणाच्या कामाचा?

म्हणून आमची मागणी साधी आहे. तपासणी स्थलांतराच्या आधी व्हावी. दोष आढळलेल्या मुलाची नोंद त्याच्यासोबत कारखान्याच्या जिल्ह्यात जावी. अंगणवाडी सेविकेला प्रशिक्षण आणि उठावदार अक्षरांच्या पाट्या मिळाव्यात. फळी आणि खिळे एका गरीब कारागिराला परवडले होते. शासनाला का परवडू नयेत?