पाणी शांत होण्याआधी

इंग्लंडच्या उत्तरेकडील लेक डिस्ट्रिक्टमध्ये कॉनिस्टन वॉटर हे लांबट, अरुंद सरोवर आहे. ४ जानेवारी १९६७ च्या सकाळी तेथील पाणी आरशासारखे होते. निळ्या रंगाची एक जेट नौका त्यावरून ताशी ४७९ किलोमीटर वेगाने गेली. काही मिनिटांत ती परत फिरली आणि पुढच्या काही सेकंदांत हवेत उडून उलटी झाली. नौकेत होते डोनाल्ड कॅम्पबेल. वय ४५ वर्षे.

डोनाल्ड यांचा जन्म २३ मार्च १९२१ चा. वडील सर माल्कम कॅम्पबेल यांच्या नावावर जमिनीवरचे नऊ आणि पाण्यावरचे चार जागतिक वेगविक्रम होते. लहानपणी डोनाल्डला संधिज्वर, म्हणजे ऱ्हुमॅटिक फिव्हर झाला. घशाच्या साध्या वाटणाऱ्या जिवाणू संसर्गानंतर हा आजार उद्भवतो. सांधे सुजतात, काही दिवसांत बरेही होतात. पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र कायमची राहू शकते. त्या काळी पेनिसिलिन उपलब्ध नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर डोनाल्ड यांनी वैमानिक होण्यासाठी हवाई दलाकडे अर्ज केला. बालपणीच्या या आजारामुळे त्यांना अपात्र ठरवण्यात आले आणि युद्धाची वर्षे कारखान्यातल्या कामात गेली.

१९४८ च्या अखेरीस सर माल्कम वारले. त्यांनी १९३९ मध्ये याच कॉनिस्टनवर ताशी २२८ किलोमीटरचा विक्रम केला होता. तो आता अमेरिकेत मोडला जाणार अशी बातमी आली आणि डोनाल्ड यांनी वडिलांची नौका व त्यांचे विश्वासू मेकॅनिक लिओ व्हिला यांना सोबत घेऊन तयारी सुरू केली. १९५० मध्ये अमेरिकेच्या स्टॅन्ली सेयर्स यांनी तो विक्रम खरोखरच मोडला. १९५१ मध्ये वडिलांची नौका भर वेगात फुटली. पुढच्याच वर्षी जॉन कॉब हे लॉक नेस सरोवरात जेट नौकेसह मृत्युमुखी पडले. मदतनीस नौकेमुळे उठलेल्या लाटांवर त्यांची नौका आपटली असावी, असे मानले जाते.

पाण्यावर वेग गाठणे इतके अवघड का? पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असते. त्यात बुडून चालणाऱ्या नौकेची बरीचशी ताकद पाणी बाजूला सारण्यातच खर्च होते. हायड्रोप्लेन नौका यावर उपाय म्हणून जवळजवळ पाण्याबाहेरच राहते. पुढच्या बाजूला दोन तराफ्यांसारखे भाग आणि मागे तळाचा एक छोटा भाग, एवढ्या तीन टेकूंवर ती पाण्याला जेमतेम स्पर्श करत धावते. मात्र तळाखालून जाणारी हवा तिला वर उचलू पाहते. वेग दुप्पट झाला की हा उचल चौपट होतो. नाक काही अंशांनी जास्त वर आले की हवा तळाला अधिक जोराने भिडते, नाक आणखी वर जाते आणि नौका मागच्या मागे उलटते. तोवर चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

केन आणि ल्यू नॉरिस या बंधूंनी हे गणित मांडून ‘ब्लूबर्ड के-७’ ही धातूची जेट नौका आखली. जुलै १९५५ मध्ये तिने अल्सवॉटर सरोवरावर ताशी ३२५ किलोमीटरचा विक्रम केला. १९६४ पर्यंत कॅम्पबेल यांनी पाण्यावर सात विक्रम नोंदवले. दरम्यान १९६० मध्ये अमेरिकेतील बोनव्हिल येथे त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. कवटीला तडा गेला, कानाचा पडदा फाटला. त्यातून सावरून त्यांनी जुलै १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील लेक आयरच्या कोरड्या पात्रात ताशी ६४८ किलोमीटर वेगाने मोटार चालवली आणि त्याच वर्षीच्या अखेरच्या दिवशी लेक डम्बलयंगवर ताशी ४४४ किलोमीटर वेगाने नौका. एकाच वर्षात जमीन आणि पाणी असे दोन्ही विक्रम करणारे ते एकमेव.

तरीही लोकांचे लक्ष आता अंतराळयानांकडे वळले होते. नव्या प्रकल्पासाठी पैसा आणि प्रसिद्धी हवी, तर ताशी ३०० मैलांचा, म्हणजे ४८३ किलोमीटरचा टप्पा ओलांडायला हवा, असे कॅम्पबेल यांना वाटत होते. अकरा वर्षे जुन्या के-७ वर अधिक ताकदीचे ऑर्फियस इंजिन बसवण्यात आले. भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानांतही याच जातीचे इंजिन होते. नोव्हेंबर १९६६ पासून चमू कॉनिस्टनला तळ ठोकून होता. एक इंजिन निकामी झाले, हवामानाने साथ दिली नाही, आठवडे वाया गेले.

विक्रमासाठी एका तासाच्या आत दोन्ही दिशांनी धावावे लागते आणि सरासरी धरली जाते. पहिल्या फेरीनंतर टोकाला थांबायचे, इंधन भरायचे, नौकेने उठवलेल्या लाटा निवू द्यायच्या, हा शिरस्ता होता. त्या सकाळी पहिली फेरी ४७९ ची झाली. सरासरी ४८३ च्या पुढे नेण्यासाठी परतीला सुमारे ४८७ पुरेसे होते. कॅम्पबेल थांबले नाहीत. ते लगेच वळले. परतीच्या फेरीत वेग ५२८ च्या आसपास गेला. नौका हेलकावू लागली आणि नाक उचलले गेले. इंजिनाचा रेटा अचानक कमी झाल्याने, इंधन घटून नौका हलकी झाल्याने की पहिल्या फेरीच्या लाटांमुळे, यावर तज्ज्ञ आजही चर्चा करतात. त्यांपैकी लाटा मात्र काही मिनिटे थांबल्याने निवल्या असत्या.

पाणबुड्यांना ‘ब्लूबर्ड’ तेव्हाच सापडली, कॅम्पबेल सापडले नाहीत. मार्च २००१ मध्ये नौका वर काढण्यात आली, मे महिन्यात त्यांचे अवशेष मिळाले आणि सप्टेंबरमध्ये कॉनिस्टन गावात त्यांचे दफन झाले.

१९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांनी ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम केला. तो अजून टिकून आहे. १९८० मध्ये ली टेलर आणि १९८९ मध्ये क्रेग आर्फन्स यांनी तो मोडण्याचा प्रयत्न केला. दोघांचाही त्यात मृत्यू झाला. शर्यतीच्या हायड्रोप्लेनमध्ये मात्र १९८० च्या दशकापासून लढाऊ विमानासारखे बंद आसनकक्ष आले. प्राणवायूची सोय झाली, नौका उलटली तर बाहेर पडण्यासाठी तळाला दार आले. नौका आजही उलटतात, पण चालक बहुतेक वेळा त्यातून जिवंत बाहेर येतात.