ज्याच्याकडे साधी डिग्री नव्हती, त्या रामानुजनसाठी मद्रास विद्यापीठाने नियम बाजूला ठेवला होता

रामानुजन आणि प्रोफेसर हार्डींची गोष्ट बहुतेकांना माहिती असते. मद्रासचा एक कारकून केंब्रिजला पत्र पाठवतो आणि त्याचं नशीब पालटतं. पण पत्र पाठवणं आणि बोटीत बसणं यात चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांत रामानुजनच्या घरची चूल पेटती ठेवली ती मद्रास विद्यापीठाच्या 75 रुपयांनी.

त्याआधी काय होतं? कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात मिळालेली स्कॉलरशिप इंग्रजीत नापास झाल्यामुळे गेली. मग मद्रासचं पचैयप्पा कॉलेज. तिथे एफएची परीक्षा, म्हणजे साधारण आजची बारावी, दोन वेळा दिली आणि दोन्ही वेळा नापास. गणित सोडून दुसऱ्या विषयात लक्षच लागत नव्हतं. वडील कापडाच्या दुकानात कारकून, त्यात 1909 मध्ये लग्न झालेलं. कागद परवडायचा नाही म्हणून रामानुजन पाटीवर गणितं करायचे, कोपराने पुसायचे आणि फक्त उत्तर वहीत उतरवायचे. ती उत्तरं कशी आली, हे शोधण्यात पुढे गणितज्ञांच्या पिढ्या गेल्या.

नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ स्वतःच्या खिशातून महिना 25 रुपये दिले. पण दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस काढायचे? 1 मार्च 1912 ला रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये 30 रुपयांवर कारकून झाले. साहेब लोक चांगले होते, पण पगार खतावणीचा होता. गणित उरलेल्या वेळात.

जानेवारी 1913 मध्ये त्यांनी हार्डींना पत्र लिहिलं. फेब्रुवारीत हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले. मान्सूनच्या अभ्यासात ज्यांचं नाव घेतलं जातं तेच हे वॉकर, आणि मूळचे केंब्रिजचे गणितज्ञ. वह्या पाहून त्यांनी विद्यापीठाला कळवलं की या माणसाला काही वर्षं पोटाची चिंता न करता काम करू द्या.

अडचण एकच. संशोधनाची स्कॉलरशिप एमए झालेल्यांसाठी होती, आणि इथे एफएचाच पत्ता नव्हता. सिंडिकेटच्या बैठकीत हा आक्षेप आलाच. त्यावर मुद्दा मांडला गेला की संशोधनाला चालना देणं हा विद्यापीठाचा एक हेतू कायद्याच्या प्रस्तावनेतच आहे. शेवटी ठराव झाला आणि 1 मे 1913 पासून दोन वर्षांसाठी महिना 75 रुपये मंजूर झाले. पगाराच्या अडीचपट. बदल्यात काय? दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायचा, बस्स.

विद्यापीठाचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. रामानुजन कित्येक वर्षं याच शहरात याच वह्या घेऊन दारोदार फिरत होते. फाइल हलली ती केंब्रिजच्या माणसांनी मान डोलावल्यावर.

पण एकदा हलल्यावर थांबली नाही. 1914 मध्ये विद्यापीठाने इंग्लंडसाठी वर्षाला 250 पौंड आणि बोटीचं भाडंही दिलं, ट्रिनिटी कॉलेजने वर 60 पौंडांची भर घातली. 250 पैकी 50 पौंड घरी जायचे. 17 मार्चला बोट सुटली. 1918 मध्ये रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पण तोवर तब्येत पार ढासळली होती.

विद्यापीठाने पुन्हा पाच वर्षांसाठी वर्षाला 250 पौंड मंजूर केले. जानेवारी 1919 मध्ये आजारी रामानुजननी उलट कळवलं की घरच्यांना पैसे देऊन आणि गरजेपुरतं ठेवून जे उरेल, ते गरीब आणि अनाथ मुलांच्या शिक्षणाला द्या. मार्चमध्ये ते मुंबई बंदरात उतरले. 26 एप्रिल 1920 ला, वयाच्या 32 व्या वर्षी गेले. पाच वर्षांच्या मदतीतलं जेमतेम एक वर्ष सरलं होतं.

पत्नी जानकी पुढे काही वर्षं मुंबईत भावाकडे राहिल्या, तिथे शिवणकाम शिकल्या आणि मद्रासला परतून त्यावर घर चालवलं. विद्यापीठाकडून त्यांना महिना 20 रुपये पेन्शन होती. पोर्ट ट्रस्टमधल्या कारकुनाच्या पगारापेक्षा 10 रुपये कमी.