पूर्ण व्याकरण नसतानाही भाषा कशी उभी राहते? टॉल्किन यांची गोष्ट

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पाहिलेल्या प्रत्येकाला ती अंगठी आठवत असेल. आगीत तापली की तिच्यावर अक्षरं उमटतात. बऱ्याच जणांना ती एल्फ लोकांची भाषा वाटते. लिपी एल्फांचीच आहे, पण भाषा वेगळी आहे: 'ब्लॅक स्पीच'. गंमत म्हणजे एवढ्या जाडजूड कादंबरीत या भाषेचा सगळा ऐवज किती? अंगठीवरच्या दोन ओळी, एका ऑर्कच्या तोंडची शिवी आणि मोजकी नावं. तरीही ती भाषा खरी वाटते.

मी वसई-विरारमध्ये राहतो आणि सॉफ्टवेअर लिहितो. फँटसी कथा लिहू पाहणारे मित्र मला नेहमी विचारतात, की कथेसाठी नवी भाषा बनवायची तर आधी तिचं सगळं व्याकरण लिहून काढायला हवं का? मग टॉल्किन यांचं नाव निघतं आणि गडी तिथेच गार पडतो. पण त्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर उत्तर वेगळंच मिळतं.

सुरुवात पोरखेळातून

जॉन रोनाल्ड रुएल टॉल्किन यांचा जन्म 3 जानेवारी 1892 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. चार वर्षांचा असताना वडील गेले. तोवर आई मुलांना घेऊन इंग्लंडला आली होती. तिनेच त्याला लॅटिन शिकवलं. 1904 मध्ये मधुमेहाने तीही गेली. बारा वर्षांच्या रोनाल्डचा सांभाळ पुढे एका धर्मगुरूने केला.

त्याच्या मावस बहिणींनी प्राण्यांची नावं वापरून एक गुप्त भाषा केली होती, 'अ‍ॅनिमॅलिक'. नंतर आली 'नेव्हबॉश', म्हणजे इंग्रजी, फ्रेंच आणि लॅटिन शब्दांची मोडतोड. आपली 'च'ची भाषा आठवा. 'मला'चं 'चलाम' होतं, 'कसा'चं 'चसाक' होतं. नियम एकच, बाकी सगळं व्याकरण मराठीचं उसनं. नेव्हबॉशही अशीच उसनवारीवर चालत होती. यानंतर टॉल्किनने 'नॅफरिन' नावाची भाषा करून पाहिली, तिच्यावर स्पॅनिशची छाप होती.

आधी आवाज, मग नियम

ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात शिकताना त्यांच्या हाती फिनिश भाषेचं व्याकरण लागलं. त्या भाषेचा नाद त्यांच्या कानात असा बसला की त्यातून पुढे 'क्वेन्या' जन्मली. दुसरी मोठी भाषा 'सिंडारिन', तिचा नाद वेल्श भाषेचा. इथेच खरी किल्ली आहे. कुठले आवाज चालतील आणि कुठले नाही, हे पक्कं झालं की नुसतं नाव ऐकूनही कळतं की हे पात्र कुठल्या लोकांतलं आहे.

1916 मध्ये लग्न झालं आणि काही महिन्यांत ते सॉमच्या रणभूमीवर होते. शाळेपासूनच्या तीन जिवलग मित्रांपैकी दोघे त्याच वर्षी गेले. टॉल्किन खंदकांतल्या तापाने आजारी पडून परतले, आणि त्या काळात एल्फांच्या कथा आकार घेऊ लागल्या. भाषा बोलायला माणसं हवीत, माणसांना इतिहास हवा. त्यांच्या कथा अशा वाढत गेल्या. पुढे ते ऑक्सफर्ड शब्दकोशात डब्ल्यूने सुरू होणाऱ्या शब्दांवर काम करत होते. 1920 मध्ये ते लीड्सला गेले आणि 1925 मध्ये ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. 1931 साली एका व्याख्यानात त्यांनी हा छंद उघडपणे मांडला.

त्यांची 'तेंग्वार' लिपी तर आपल्याला ओळखीची वाटावी. आपल्या त-वर्ग, प-वर्गासारखे तिचे उभे गट आहेत. अक्षराचा बाक दुहेरी केला की 'त'चा 'द' होतो, 'प'चा 'ब' होतो. स्वर मात्रेसारखे अक्षरावर बसतात.

न बनवलेला भाग लपवायचा कसा?

1937 मध्ये 'द हॉबिट' आलं, 1954-55 मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड. शेवटच्या परिशिष्टांत उच्चार, लिपी आणि भाषांचा इतिहास आहे. पूर्ण व्याकरण कुठेच नाही. बुटक्यांच्या 'खुझदुल' भाषेत एका थडग्यावरचा मजकूर, गिम्लीची रणगर्जना आणि काही नावं मिळतात. का? कारण कथेत बुटके आपली भाषा परक्यांना शिकवतच नाहीत! एंट, म्हणजे चालती झाडं, इतकं सावकाश बोलतात की त्यांचं एखादं वाक्य दिलं तरी पुरतं. आमच्या धंद्यात सांगायचं तर युजरला जी स्क्रीन दिसणार नाही, ती बांधायची नाही.

छापलेला शब्द बदलता येत नाही

मग टॉल्किन अडकले कुठे? क्वेन्या आणि सिंडारिनमध्ये. ते आयुष्यभर नियम बदलत राहिले. एक ध्वनिनियम बदलला की त्यावर बेतलेली नावं डळमळायची. वहीत खोडता येतं, छापील पुस्तकात नाही. अखेरच्या वर्षांत त्यांनी 'रोस' या शब्दतुकड्यासाठी एक नवी, सुरेख उपपत्ती रचली आणि मग लक्षात आलं की 'कैर आंद्रोस' हे नाव आधीच छापून गेलंय आणि ते या उपपत्तीत बसत नाही. बहुतेक सगळी मांडणी टाकून द्यावी लागली. जुन्या व्हर्जनशी जुळवून घेणं किती जड जातं, हे अ‍ॅप बनवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

2 सप्टेंबर 1973 ला ते गेले तेव्हा 'द सिल्मरिलियन' अपुरंच होतं. मुलगा ख्रिस्तोफर यांनी ते 1977 मध्ये प्रकाशित केलं. आज क्वेन्या आणि सिंडारिनला आंतरराष्ट्रीय भाषा-यादीत स्वतंत्र कोड आहेत. ज्यांचं व्याकरण कर्त्यानेच पुरं केलं नाही, त्या भाषांना!

तुम्ही काय कराल?

एक पान घ्या. कथेतल्या लोकांचे चालणारे आवाज लिहा. वीस नावं करा. अनेकवचन आणि 'चा-ची-चे' यांचे नियम ठरवा. ही नावं वाचकांपुढे गेली की त्यांना हात लावायचा नाही. बाकीचं कथा मागेल तेव्हा.

आणि एक गोष्ट आपल्या भागातल्या मुलांसाठी. इथे घराघरांत कादोडी, वाडवळी, कोळी बोली ऐकू येतात, पण शाळेच्या दप्तरात त्यांचं व्याकरणाचं पुस्तक नसतं. म्हणून कथा लिहिताना अनेक जण आजीची भाषा बाजूला ठेवतात. टॉल्किन यांना बोलणारी माणसं कल्पनेतून आणावी लागली. तुमच्याकडे ती ओसरीवर बसलेली आहेत.