सुवर्णमुख योहान व घडलेल्या गोष्टींचे दाखले

उपदेश करताना इतिहासातील किंवा नुकत्याच घडलेल्या गोष्टीचा दाखला द्यावा, असे प्रत्येक उपदेशकास वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु दाखला हा विळ्यासारखा आहे. त्याने पीक कापता येते, तसा शेजाऱ्याचा हातही कापला जातो. हे दोन्ही प्रकार ज्याच्या एकाच आयुष्यात दिसून येतात, असा एक थोर पाळक होऊन गेला. त्याचे नाव योहान क्रिसोस्तम. क्रिसोस्तम म्हणजे सुवर्णमुख. हे नाव त्याच्या वक्तृत्वावरून त्यास पुढे पडले.

योहानाचा जन्म सुमारे 347 साली सूरिया देशातील अंत्युखिया नगरात झाला. शिष्यांस ख्रिस्ती हे नाव प्रथम मिळाले, तेच हे नगर. त्याचा बाप सैन्यात अधिकारी होता. योहान तान्हा असतानाच तो वारला. आई अँथूसा हिला विसाव्या वर्षीच वैधव्य आले. तिने पुन्हा लग्न न करता मुलास वाढवले. योहान त्या काळचा प्रख्यात मूर्तिपूजक पंडित लिबेनियस याच्यापाशी वक्तृत्व शिकला. पुढे बाप्तिस्मा घेऊन तो डोंगरात राहिला, आणि कठोर तपाने प्रकृती ढासळल्यावर नगरात परतला. 381 साली तो डीकन झाला व 386 साली बिशप फ्लेवियन याने त्यास पाळकपदाची दीक्षा दिली.

पुढल्याच वर्षी, 387 साली, मोठे संकट ओढवले. बादशहा थिओडोशियस याने नवा कर बसवला. लोक खवळले आणि त्यांनी बादशहाचे व त्याच्या घराण्याचे पुतळे पाडून रस्त्यातून ओढत नेले. पुतळ्याचा अपमान तो प्रत्यक्ष बादशहाचा अपमान, असा तो काळ. कित्येकांस देहांत शिक्षा झाली. सगळे नगर धुळीस मिळेल या भयाने लोक पळू लागले. वृद्ध फ्लेवियनची बहीण मरणोन्मुख होती. तरीही तो ऐन हिवाळ्यात दूरच्या कॉन्स्टँटिनोपल राजधानीस दया मागावयास निघाला.

मंडळी योहानाच्या हाती राहिली. त्याने काय केले? ईयोबाचे मित्र जसे सात दिवस मुकाट बसले, तसा तोही सात दिवस मुकाट राहिला. मग ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात त्याने सुमारे एकवीस उपदेश केले. दंगा परक्यांनी केला, असे म्हणून तो थांबला नाही. आपण दुष्टांस वेळीच आवरले नाही, हा दोष त्याने स्वतःसह सर्वांच्या पदरी घातला. राजाच्या शिक्षेचे भय ऐकणाऱ्यांच्या मनात ताजे होते. त्याच भयावरून त्याने त्यांस देवाच्या न्यायाचा विचार करावयास लावले. आणि जवळजवळ प्रत्येक उपदेशात त्याने एकच लहान काम सांगितले: ऊठसूट शपथा वाहण्याची खोड सोडा. एवढ्या मोठ्या घटनेतून घरी जाऊन करता येईल असे एक काम देणे, ही त्याची हातोटी होती.

त्याच दिवसांत डोंगरातील संन्यासी नगरात उतरले. त्यांच्यातील मॅसिडोनियस हा अगदी निरक्षर होता. त्याने बादशहाच्या अधिकाऱ्यांस वाटेत अडवून सांगितले की, पितळेचा पुतळा पुन्हा ओतता येईल, पण देवाची प्रतिमा असलेला मनुष्य मारल्यावर त्याचा एक केसही बादशहास घडवता येणार नाही.

तिकडे फ्लेवियन बादशहापुढे उभा राहिला. त्याने काय विनवले ते योहानाने पुढे मंडळीस सांगितले. त्यातही एक दाखला होता. पूर्वी कॉन्स्टंटाईन बादशहाच्या पुतळ्यास लोकांनी दगड मारले. सूड घ्या, असे दरबारी म्हणू लागले, तेव्हा त्याने आपल्या तोंडावरून हात फिरवला आणि हसून म्हटले की, मला तर कोठेच जखम दिसत नाही. थिओडोशियस द्रवला, क्षमेचे वर्तमान घेऊन फ्लेवियन ईस्टरपूर्वी परत आला.

398 साली योहान कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. तेथे युट्रोपियस नावाचा प्रधान सर्वसत्ताधीश होता. चर्चमध्ये आश्रय घेण्याचा हक्क त्यानेच कमी करविला होता. 399 साली बादशहाची मर्जी फिरली आणि तोच पळत येऊन चर्चच्या वेदीस बिलगला. योहानाने त्यास शिपायांच्या हाती दिले नाही. दुसऱ्या दिवशी लोक त्याची फजिती पाहावयास दाटले. योहानाने उपदेशक नावाच्या पुस्तकातील व्यर्थतेचे वचन घेतले, आणि त्या थरथरत्या मनुष्याकडे दाखवून वैभव किती क्षणिक आहे हे सांगितले. पडलेल्याला बोल लावला, असा ठपका काहींनी त्याजवर ठेवला. परंतु उपदेशाच्या शेवटी त्याने लोकांस त्या शत्रूसाठी बादशहापाशी दया मागावयास सांगितले. पुढे युट्रोपियस चर्चबाहेर पडला व मारला गेला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 386 व 387 साली अंत्युखियातील काही ख्रिस्ती लोक यहूद्यांच्या सणांस जात, म्हणून योहानाने आठ उपदेश केले. त्यांत त्याने 70 साली झालेला यरुशलेमच्या मंदिराचा नाश, आणि ते पुन्हा बांधण्याचा 363 साली ज्युलियन बादशहाचा फसलेला प्रयत्न, हे दाखले दिले. घटना खऱ्या होत्या. परंतु त्या त्याने शेजाऱ्यांवर कोरड्यासारख्या उगारल्या. पुढे शतकानुशतके यहूद्यांच्या द्वेष्ट्यांनी त्या शब्दांचा आधार घेतला. वक्ता मेला, पण दाखला जखमा करीतच राहिला.

राजदरबाराच्या रोषामुळे योहानास 404 साली हद्दपार केले. आजारी शरीराने सक्तीची वाट चालत असता 14 सप्टेंबर 407 रोजी कोमाना येथे तो प्रभूत निजला. 438 साली त्याच्या अस्थी मोठ्या सन्मानाने राजधानीस परत आणल्या.

उपदेशक बंधूंनो, दुष्काळ, पूर किंवा भूकंप यांचा दाखला देण्याआधी दुःखितांजवळ मुकाट बसावे. हकिकत खरी आहे की नाही हे पाहावे. मग तो दाखला प्रथम स्वतःस लावावा, नंतर समोर बसलेल्या मंडळीस. आणि जे तेथे नाहीत, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. आपला उपदेश ऐकून मंडळी शेजाऱ्याच्या दारी दया घेऊन गेली, तर तो दाखला योग्य जागी पडला असे समजावे.