डॉ. ह. धी. सांकलिया : थर आणि काळ

१. जडणघडण

महाराष्ट्राच्या इतिहासाचे कथन एके काळी मौर्य-सातवाहनांपासून सुरू होई. त्यापूर्वी येथे कोण राहत होते, याचे उत्तर ग्रंथांत नव्हते; ते मातीत होते. ती माती वाचण्याची शिस्त पुण्यात रुजविणारे संशोधक म्हणजे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत झाला. फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. पुढे लंडनमध्ये गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी. संपादन करीत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात त्यांनी प्रत्यक्ष काम केले. मातीचे थर ओळखून खणण्याची विद्या तेथे त्यांच्या हाती आली. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेच्या रूपाने पुन्हा सुरू झाले. सांकलिया तेथे प्राध्यापक झाले आणि पुणे हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

२. दफने आणि कालनिश्चितीचा पेच

१९५० नंतर प्रवरेकाठी जोर्वे व नेवासे येथे झालेल्या उत्खननांतून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वसाहती उजेडात आल्या. हे लोक आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मुलांना दोन कुंभांत ठेवून त्या कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवलेली असत. नेवाशाच्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडलेले आढळले. मृताने घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागची भावना असावी, असे अनुमान अभ्यासक करतात.

परंतु या दफनांजवळ ना नाणे होते, ना लेख. काळ ठरवायचा तो खापरांच्या साम्यावरून, कधी थेट इराणमधील भांड्यांशी तुलना करून. अशा तर्काने शतके सहज पुढे-मागे सरकत.

३. कोळशाची साक्ष

१९४९ मध्ये अमेरिकेत विलर्ड लिबी यांनी कार्बन-१४ पद्धती मांडली. सजीव मरण पावला की त्याच्यात नवा कार्बन येणे थांबते आणि साठलेला कार्बन-१४ सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. जळके लाकूड वा धान्य तपासून काळ काढता येतो, तो यामुळे. सांकलियांनी या पद्धतीचे स्वागत केले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशी प्रयोगशाळा उभी राहिली.

मात्र येथे एक बाब ध्यानात घ्यावी. दफनाचा खड्डा वरच्या जमिनीतून खणलेला असतो. म्हणून सांगाडा आपल्याहून जुन्या थरात जाऊन बसतो. शेजारचा कोळसा घेतला तर तारीख चुकते. खड्ड्याचे तोंड कोणत्या थरात उघडते, हे आधी पाहावे लागते. प्रयोगशाळा आकडा देते. त्याचा अर्थ थर सांगतो. सांकलियांच्या परंपरेचे बळ या दोहोंच्या मेळात आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात हा मेळ फळास आला. म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी हे त्यात त्यांचे सहकारी होते. शंभराहून अधिक घरे व दोनशेहून अधिक दफने तेथे मिळाली आणि वस्तीचा काळ इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० असा निश्चित झाला. मौर्यपूर्व महाराष्ट्र रिकामा नव्हता, हे त्यातून कालक्रमासह सिद्ध झाले.

१९७४ मध्ये सांकलियांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. नाव-गाव न उरलेल्या माणसांना इतिहासात त्यांचे शतक मिळवून देणे, हे त्यांचे मोठे देणे होय.

स्वाध्याय
१. दफनाचा काळ ठरविताना शेजारच्या थरातील कोळसा का चालत नाही?
२. इनामगावच्या कालनिश्चितीमुळे महाराष्ट्राच्या इतिहासाच्या आकलनात कोणता बदल झाला?