हिशेबखात्यातले शास्त्रज्ञ : सर चंद्रशेखर व्यंकट रामन

माझे गाव तलमडुगु, आदिलाबाद जिल्ह्यातले. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि कॉलेजात आल्यापासून मित्रांची कन्नड. शाखा वाणिज्य. अशा विद्यार्थ्याने शास्त्रज्ञाचे चरित्र का लिहावे, असे वाचकांना वाटेल. पण रामन मुळात आमच्याच शाखेचे, असे मी गमतीने म्हणतो.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे त्यांचा जन्म झाला. १९०७ साली स्पर्धापरीक्षेत पहिले येऊन ते सरकारच्या अर्थखात्यात कलकत्त्याला अधिकारी झाले. दिवसभर जमाखर्च पाहायचा आणि कचेरीच्या आधी व नंतर बहुबाजारातील विज्ञानसंस्थेत प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता. मध्यंतरी रंगून आणि १९१० साली आपले नागपूर येथेही त्यांची बदली झाली. १९१७ साली जवळजवळ निम्म्या पगारावर त्यांनी विद्यापीठातले प्राध्यापकपद पत्करले. ताळेबंदाच्या दृष्टीने हा उघड तोटा होता!

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी के. एस. कृष्णन यांच्यासह केलेल्या प्रयोगांत त्यांना नवे प्रकाशविकिरण आढळले. पदार्थावर पडून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडा भाग रंग बदलून येतो आणि त्या बदलावरून आतल्या रेणूंची कंपने कळतात. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३३ साली ते बेंगळुरूच्या विज्ञानसंस्थेचे संचालक झाले. तेथे नेडुंगडी या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी स्फटिकी गार तापवून तीतून प्रकाश सोडला. ५७३ अंश सेल्सिअसला गारेची रचना बदलते. त्या तापमानाकडे जाताना अणूंचे एक कंपन मंदावत व अस्पष्ट होत जाते, असे त्यांना दिसले. रूप पालटण्याची चाहूल प्रकाशाने आधीच दिली. हे काम १९४० साली प्रसिद्ध झाले.

आज प्रकाश केवळ चाहूल देत नाही, रूप पालटवतोही. टँटलम डायसल्फाइड हा पापुद्र्यांचा पदार्थ आहे. त्यातले इलेक्ट्रॉन सगळीकडे सारखे पसरत नाहीत. नांगरलेल्या शेतातल्या सरीवरंब्यांप्रमाणे ते कुठे दाट, कुठे विरळ होतात आणि अणूही त्यांच्याबरोबर किंचित सरकतात. फार थंड केल्यावर या पदार्थातून वीज नीट वाहत नाही. २०१४ साली स्लोव्हेनियातील ल्युब्ल्याना येथील शास्त्रज्ञांनी त्यावर लेसरचा एकच अतिसूक्ष्म काळाचा झोत टाकला. पदार्थ वीज वाहणाऱ्या नव्या अवस्थेत गेला आणि थंडीत, झोत संपल्यावरही, तसाच राहिला. अशा पदार्थांतील कंपने ओळखायला रामन यांचीच पद्धत आजही वापरतात.

पण थोरांच्या खात्यालाही नावेची बाजू असते. १९३३ साली मुंबईच्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना केवळ स्त्री म्हणून रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्षाच्या अटीवर घेतले. त्यांचे काम पाहून रामन यांनी पुढे मुलींना प्रवेश देण्यास सुरुवात केली. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. चूक दिसल्यावर नोंद दुरुस्त करणे, हेही हिशेबनिसाचेच काम आहे.

१९४८ साली रामन यांनी बेंगळुरूतच स्वतःची संशोधनसंस्था काढली आणि २१ नोव्हेंबर १९७० रोजी तेथेच देह ठेवला.

हे सारे लिहिण्याचे एक कारण घरचे आहे. माझी धाकटी बहीण इंटरमीजिएटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला भौतिकशास्त्र घेऊन पुढे शिकायचे आहे. मुलीला इतकी वर्षे शिकवणे कापसाच्या उत्पन्नात परवडणार नाही, असे वडील म्हणतात. गेल्या सुटीत वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून माझे मत विचारले, तेव्हा मीही खर्चाचा आकडा मांडून त्यांचीच बाजू घेतली. ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

तो हिशेब मी अपुरा मांडला होता. या सुटीत वडिलांसमोर तो पुन्हा मांडणार आहे. ते ऐकतील की नाही, ठाऊक नाही. पण माझी नोंद तरी दुरुस्त होईल.